पीपीई (वैयक्तिक संरक्षक साधने) घालता-काढताना या चुका टाळा

इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणे), श्वासमार्गाचे सक्शन (स्राव ओढून काढणे), ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासमार्ग तपासणे) किंवा ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासासाठी वाट करणे) करताना रुग्णाच्या श्वासमार्गातून निघणारे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि काम करणाऱ्याचा चेहरा नेमका त्यांच्या उगमाशी असतो. सर्जिकल मास्क शिंतोडे अडवतो, मात्र त्याच्या कडा मोकळ्या राहत असल्याने येथे एन-९५ (चेहऱ्याला घट्ट बसणारा, सूक्ष्म कण गाळणारा मास्क) लागतो. तरीही ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण रोखण्याची त्याची क्षमता गाळणीच्या थराची आहे, कडेच्या फटीची नव्हे.

ही फट बहुधा आपणच तयार करतो. दोन्ही पट्टे मानेवर घेणे, ते एकमेकांवरून फुली मारून ओढणे, आत सर्जिकल मास्क घालणे किंवा नाकावरची पट्टी एका हाताने चिमटून तिला टोकदार घडी पाडणे, या सगळ्याचा परिणाम एकच होतो. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर आणि खालचा कानांखाली मानेवर असावा, तर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यावी. दाढीवर मास्कची कड बसतच नाही, हे कितीही अप्रिय वाटले तरी खरे आहे. फिट टेस्ट (तो मास्क आपल्या चेहऱ्याला नीट बसतो का, याची चाचणी) झालेली असली, तरी मास्क घालताना दर वेळी सील, म्हणजे कडेने हवा निसटत नाही ना, हे तपासावे लागते.

गॉगलवर वाफ धरली की अनेक जण काच पुसण्याच्या किंवा धुकेरोधक द्रव लावण्याच्या मागे लागतात. त्याआधी नाकाजवळून श्वास निसटतो का, हे पाहावे, कारण वाफ हे अनेकदा गळतीचेच लक्षण असते. प्रक्रिया सुरू झाल्यानंतर चेहऱ्याशी हात नेऊन मास्क सारखा करणे मात्र टाळावे.

ग्लोव्हजची कड गाऊनच्या कफवर आलेली नसेल, तर हात पुढे करताच मनगट उघडे पडते. ग्लोव्ह फाटल्यास रुग्णाच्या स्थितीनुसार शक्य तितक्या लवकर बाजूला होऊन तो काढावा, हात स्वच्छ करावेत आणि नवा घालावा. फाटक्यावर दुसरा चढवू नये.

सर्वाधिक चुका काढताना होतात, कारण तोवर काम संपलेले असते आणि घामाने जीव कासावीस झालेला असतो. एका पद्धतीत ग्लोव्हज, गॉगल किंवा फेस शिल्ड, गाऊन आणि शेवटी मास्क असा क्रम असतो. दुसरा ग्लोव्ह काढताना उघडे बोट मनगटापाशी आतून सरकवावे, बाहेरच्या बाजूला लावू नये. गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवावा. एन-९५ खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर, आधी खालचा व मग वरचा पट्टा धरून, पुढच्या भागाला हात न लावता काढावा. मध्ये हात दूषित झाल्याची शंका आली तर तेथेच थांबून ते स्वच्छ करावेत. शेवटी तर करावेतच. हँडरब (हात स्वच्छ करण्याचे अल्कोहोलयुक्त द्रव) २० ते ३० सेकंद चोळावा. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नसल्याने तेथे साबण-पाणीच हवे.

नळी बसली म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. ताशी १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतही ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटे लागतात, ताशी ६ वेळा बदलत असेल तर ४६. तेवढ्या वेळात खोलीत येणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यालाही एन-९५ द्यावा लागतो, आणि नेमका तोच अनेकदा विसरला जातो.