टेप बॅकअपचा जॉब दुरून चालवताय? या चुका टाळा

हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या मेनफ्रेमचा (मोठ्या मध्यवर्ती संगणकाचा) बॅकअप चालवणाऱ्यांना एक ओळ फार धीर देते: '२५०' आणि त्यापुढे जेईएसने, म्हणजे मेनफ्रेमवर जॉब रांगेत लावणाऱ्या यंत्रणेने, दिलेला जॉब नंबर. एफटीपीने जेसीएल (जॉबच्या सूचना) पाठवलं की हे उत्तर येतं, स्क्रिप्ट शून्य कोड देऊन संपते आणि आपण हँडओव्हर शीटवर 'झालं' लिहून मोकळे होतो. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की जॉब रांगेत लागला. टेप अजून ड्राइव्हला लागलेलीही नसते. मी ही चूक केली आहे. जॉब आयईएफ२३८डी या मेसेजवर ऑपरेटरच्या उत्तरासाठी थांबून राहिला, आणि मला पाळी संपताना कळलं. तेव्हापासून माझी स्क्रिप्ट तो नंबर धरून ठेवते, जॉब संपेपर्यंत विचारत राहते आणि शेवटचा कोड स्पूलमधून, म्हणजे जॉबचं आउटपुट साठतं तिथून, वाचते. तोही नीट वाचा. बॅकअप घेणाऱ्या एडीआरडीएसएसयू प्रोग्रॅमने ८ दिला, तर एखादा डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) दुसऱ्या जॉबने धरल्यामुळे सुटलेला असू शकतो. बाकी टेप व्यवस्थित लिहिलेली दिसते, म्हणूनच ते नजरेतून निसटतं.

विंडोजवर जेसीएल लिहीत असाल तर टॅब नकोत, ७१व्या कॉलमपुढे काही नको आणि फाइल टेक्स्ट मोडमध्येच पाठवा, नाहीतर तिचं एबसिडिक (मेनफ्रेमची अक्षरसंकेत पद्धत) होणार नाही. एसएसएचने थेट कमांड दिली तर लॉगिन प्रोफाइल वाचलं जात नाही. हाताने चालणारं स्क्रिप्टमधून चालत नाही, याचं कारण बहुधा हेच. परवानगी नसल्याचं सांगणारा आयसीएच४०८आय हा मेसेज दिसला तर जॉब कोणत्या यूजर आयडीने गेला ते आधी बघा.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते घाईच्या रिरनमुळे. समजा जीडीजीची, म्हणजे एकाच नावाखाली क्रमाने ठेवलेल्या बॅकअपच्या जनरेशन्सची, मर्यादा ७ आहे. पहिल्या स्टेपने (+१), म्हणजे नवी, जनरेशन टेपवर लिहून कॅटलॉग केली (यादीत नोंदवली) आणि दुसरी स्टेप अबेंड झाली, म्हणजे मध्येच बंद पडली. जॉब पहिल्यापासून पुन्हा लावला की आणखी एक नवी जनरेशन बनते आणि सर्वांत जुनी बाहेर पडते. तीन वेळा रिरन केलं तर तीन दिवसांचे चांगले बॅकअप कॅटलॉगमधून गेले. टेपची मुदत कॅटलॉगवर बांधलेली असेल, तर त्या टेप पुढच्या हाउसकीपिंगमध्ये स्क्रॅच होतात, म्हणजे पुन्हा लिहायला मोकळ्या होतात. म्हणून दुसऱ्या स्टेपपासून रिस्टार्ट करा, आणि तिथे त्याच टेपचा संदर्भ (+१) असेल तर तो (०), म्हणजे सध्याची शेवटची जनरेशन, करायला विसरू नका.

एस८१३-०४ हा एरर आला तर टेपच्या लेबलवरचं नाव आणि जेसीएलमधलं नाव जुळत नाही. टेपवर फाइलच्या आधी असणाऱ्या एचडीआर१ लेबलमध्ये डेटासेटच्या नावाची शेवटची १७ अक्षरंच असतात, तुलना तेवढ्याचीच होते. स्क्रिप्टमध्ये व्हॉल्यूम नंबर हाताने लिहिलाय का, किंवा टेपवरच्या फाइलचा क्रमांक चुकलाय का, ते बघा. त्यावर बीएलपी लावून लेबल तपासणी टाळणं हा उपाय कृपा करून कुणी सुचवू नका. चुकीच्या टेपवर लिहिलं जाण्याचा तोच सोपा रस्ता आहे.

आणि वेळ. न्यूयॉर्कची मध्यरात्र पुण्यात उन्हाळ्यात सकाळी ९:३०ला, हिवाळ्यात १०:३०ला. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती सरकते, आपलं घड्याळ सरकत नाही. पुण्यातल्या सर्व्हरवरच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या सोयीत) हिवाळ्यातली वेळ पक्की लिहिली असेल, तर मार्चनंतर बॅकअप तिथल्या रात्री १२ऐवजी १ला सुरू होतो आणि पहाटेच्या बॅचशी त्याच डेटासेटसाठी भांडतो. वेळापत्रक मेनफ्रेमवरच्या शेड्युलरकडेच द्या.