मोगऱ्याला नुसता पालाच येतोय? मग कात्री घ्या

फाल्गुन-चैत्रात शेजारच्या आगरात मोगरा घमघमतो आणि आपल्याकडे नुसती हिरवीगार पानं, ही तक्रार आमच्या रत्नागिरीकडे घरोघरी ऐकू येते. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्याच्या टोकाला, त्यामुळे जुनी फांदी कितीही जपली तरी उपयोग नाही.

१. जानेवारीच्या शेवटी आठेक दिवस पाणी तोडा, पानं थोडी मलूल झाली तरी घाबरू नका.

२. मग प्रत्येक फांदी साधारण अर्ध्यावर छाटा, पानांच्या जोडीच्या जरा वर. त्या बेचक्यातून दोन बाजूंना दोन फुटवे निघतात, आणि प्रत्येकाच्या टोकाला बहुतेक वेळा तीन कळ्यांचा झुपका.

३. बुंध्याभोवती आळं करून कुजलेलं शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. आपल्या जांभ्याच्या मातीत पाणी टिकत नाही, म्हणून वर नारळाची सोडणं (काथ्याची जाड सालं) उपडी अंथरायची, फुकटची वस्तू आहे आणि ओलावा मस्त राहतो.

पहिला बहर सरला की फुलं येऊन गेलेली टोकं दोन-तीन इंच खुडून टाका, परत फुटवे, परत कळ्या, असं पावसापर्यंत चालतं. खरं तर लोक हेच विसरतात आणि म्हणतात यंदा मोगरा लवकर संपला.

गजऱ्याला हव्या असतील तर कळ्या दुपार कलल्यावर टपोऱ्या झाल्या की काढा, रात्री उमलतात.

एक मात्र सांभाळा, युरिया टाकायचा मोह नको, त्याने पुन्हा पालाच माजतो.