युनियनचे बिल्ले, पावत्या, बॅनर: कामगार चळवळीच्या वस्तू कशा ओळखाव्या, कशा जपाव्या

तळहाताएवढी सभासद पुस्तिका. पुठ्ठ्याचं लाल कव्हर, आत बारा महिन्यांचे बारा चौकोन. दर महिन्याची वर्गणी भरली की युनियनचा प्रतिनिधी त्या चौकोनात एक छोटं तिकीट चिकटवायचा आणि वर शिक्का मारायचा. मार्चपर्यंतची तिकिटं जागच्या जागी आहेत. एप्रिल, मे, जून कोरे. जुलैचं तिकीट आहे, पण तिरकं, घाईत लावल्यासारखं. त्या तीन महिन्यांत संप होता, टाळेबंदी होती, आजारपण होतं की नुसती तंगी, हे पुस्तिका सांगत नाही. त्यासाठी दुसरा एखादा कागद लागतो, नाहीतर ज्याला आठवतं असा माणूस.

मी अशा वस्तू जमवायला लागलो तेव्हा वस्तूंकडेच लक्ष होतं. पहिल्याच वर्षी एक पितळी बिल्ला घासूनपुसून लख्ख केला. त्याच्यावरचा सोनेरी मुलामा पावडरीबरोबर निघून गेला, आणि ज्यांनी तो दिला त्या आजोबांना तो कुठल्या साली मिळाला, हे विचारायचं राहून गेलं. दोन्ही नुकसानं भरून आली नाहीत. म्हणून खालचा क्रम मी आता कधी मोडत नाही.

पहिली पायरी: हात लावण्याआधी नोंद

वस्तू ज्या अवस्थेत सापडली त्याच अवस्थेत तिचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पाकिटात पावती आणि बिल्ला एकत्र असतील तर तेही फोटोत येऊ द्या. कुठली वस्तू कशासोबत होती हा स्वतःच एक पुरावा आहे. मग एक वही घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि पुढे चार-पाच ओळी: वस्तू कोणाची, तो माणूस काय काम करायचा, कुठल्या खात्यात, कुठल्या वर्षांत, आणि तुमच्यापर्यंत ती कशी आली. ऐकलेलं आणि वस्तूवर छापलेलं वेगळं लिहा. कागदावर क्रमांक टाकायचा तर मऊ पेन्सिलीनं, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. शाईचं पेन नकोच.

माणूस हयात असेल तर त्याच्याशी बोलणं सगळ्यात आधी. ‘चळवळीबद्दल सांगा’ असं विचारलं की भाषण मिळतं. बिल्ला हातात देऊन विचारा: हा सदऱ्याला लावायचात की टोपीला? कामावर असताना लावता यायचा का? मुकादमानं काढायला सांगितला होता का कधी? असे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत कामाच्या जागी युनियनचा बिल्ला लावला म्हणून लोकांना कामावरून काढलं जायचं. असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1945 मध्ये, रिपब्लिक एव्हिएशन खटल्यात, बिल्ला लावण्याचा हक्क न्यायालयानं मान्य केला. तिथल्या काही संघटना तर दर महिन्याला वेगळ्या रंगाचा बिल्ला काढत. तो टोपीवर दिसला की या माणसाची वर्गणी भरलेली आहे, हे लांबूनच कळायचं.

नोंद नसली तर काय होतं, याचं पोलंडचं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. 1980 च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या संपातून सॉलिडॅरिटी ही संघटना उभी राहिली. 13 डिसेंबर 1981 रोजी तिथे लष्करी कायदा लागू झाला आणि तिचा बिल्ला उघडपणे लावणं धोक्याचं झालं. तेव्हा लोकांनी रेडिओतला रेझिस्टर काढून कोटाला टोचायला सुरुवात केली: दाण्याएवढा तुकडा, दोन्ही टोकांना तारा. रेझिस्टरला पोलिश भाषेत ‘ओपोर्निक’ म्हणतात आणि ‘ओपूर’ म्हणजे प्रतिकार. असा रेझिस्टर आज एखाद्या डबीत नुसता सापडला तर कोणीही तो भंगारात टाकेल. सोबत एका ओळीची चिठ्ठी असेल तरच तो वाचतो.

दुसरी पायरी: वस्तू वाचणं

या पायरीसाठी एक भिंग हवं आणि घाई नको.

आधी संघटनेचं नाव आणि आद्याक्षरं बघा, कारण संघटना फुटतात, विलीन होतात, नावं बदलतात, आणि त्या तारखा नोंदलेल्या असतात. अमेरिकेतली एएफएल ही कामगार संघटनांची महासंघटना 1886 मध्ये स्थापन झाली. तिच्यातूनच 1935 मध्ये सीआयओचा गट निघाला, 1938 मध्ये तो स्वतंत्र महासंघ झाला आणि 1955 मध्ये दोघी एक झाल्या. म्हणजे बिल्ल्यावर एकटं ‘सीआयओ’ असेल तर तो 1935 ते 1955 या वीस वर्षांतला. ‘एएफएल-सीआयओ’ असेल तर 1955 नंतरचा, मग विकणारा काहीही म्हणो. हीच युक्ती कपड्यांच्या आतल्या लेबलांना लागू पडते. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची आयएलजीडब्ल्यूयू ही संघटना 1900 मध्ये स्थापन झाली आणि 1995 मध्ये दुसऱ्या संघटनेत विलीन झाली. तिचं लेबल असलेला कपडा त्यानंतरचा असू शकत नाही, आणि त्याच लेबलावर एएफएल आहे की एएफएल-सीआयओ, यावरून कालखंड आणखी आवळता येतो.

भारतीय पावत्या आणि पत्रं हाती असतील तर नोंदणी क्रमांक शोधा. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानंतर संघटनांना तो मिळू लागला, त्यामुळे त्या कायद्याखालचा क्रमांक छापलेली पावती त्याआधीची नाही. उलट मात्र खरं नाही: क्रमांक नाही म्हणून पावती जुनी, असं ठरवू नका. नोंदणी ऐच्छिक होती.

छापील पत्रकाचा तळ भिंगाखाली धरा. युनियनच्या छापखान्यात छापलेल्या अमेरिकी पत्रकांवर मुंगीएवढं एक चिन्ह असतं, छपाईवाले त्याला ‘बग’च म्हणतात. त्यात बहुधा शहराचं नाव असतं आणि शेजारी छापखान्याचा क्रमांक. तारीख नसलेल्या पत्रकाचा ठावठिकाणा कित्येकदा या चिन्हावरूनच लागतो. बिल्ल्याच्या मागे बनवणाऱ्याचं नाव असतं. वर सेल्युलॉइडचा पापुद्रा असलेले गोल बिल्ले 1896 च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी पोचले, आणि न्यूअर्कची व्हाइटहेड अँड होग ही कंपनी त्यांत आघाडीवर होती. मागच्या कड्यात बसवलेला तिचा कागद शाबूत असेल तर तो अजिबात उचकटू नका.

लेबलं वाचताना न आवडणारं काही निघालं तर तेही वहीत लिहायचं. युनियनचं लेबल म्हणजे ‘हा माल संघटित कामगारांनी बनवलाय, तोच घ्या’ अशी ग्राहकाला घातलेली साद, असं आपण अभिमानानं सांगतो. ते खरंही आहे. पण या लेबलांची सुरुवात बघा. 1874 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिगार कामगारांनी पेट्यांवर पांढरं लेबल लावलं, ते माल गोऱ्या कामगारांनी बनवलाय हे सांगायला. स्वस्तात राबवल्या जाणाऱ्या चिनी कामगारांना सोबत घेण्याऐवजी त्यांच्याविरुद्ध ते लेबल उभं केलं गेलं. 1880 मध्ये सिगार कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेनं निळं लेबल स्वीकारलं. एएफएलचे पहिले अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स याच सिगारच्या धंद्यातले. एका हातात एकजुटीची घोषणा आणि दुसऱ्या हातात दार बंद करणारी कडी, हे दोन्ही त्या कागदाच्या चतकोरात आहे. संग्रह करणाऱ्यानं त्यातलं अर्धंच सांगितलं तर ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

तिसरी पायरी: साठवण

धातूचे बिल्ले कोरड्या मऊ ब्रशनं झटका, बस. पितळ चमकवायची पावडर, टूथपेस्ट, ओलं फडकं, काही नको. सेल्युलॉइडच्या बिल्ल्याला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका: पाणी कडेच्या फटीतून आत शिरतं, आतला पत्रा गंजतो आणि गंजाचे तपकिरी डाग छापील कागदावर खालून उमटतात. ते कधीच जात नाहीत. सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूर घालतात, म्हणून जुन्या बिल्ल्याला कधी कधी कापराचा वास येतो. हा पदार्थ हळूहळू आम्लाची वाफ सोडतो आणि भुरकन पेट घेतो. असे बिल्ले हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या डब्यात, थंड जागी आणि कागदपत्रांपासून वेगळे ठेवा.

अल्बम घेताना प्लास्टिक तपासा. मऊ, उग्र वासाचं पीव्हीसी काही वर्षांत चिकट होतं आणि तांब्या-पितळेवर हिरवा थर आणतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. डांबरगोळ्या जवळपास नकोत, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकं मऊ पडतात.

कागदांचे शत्रू तीन: चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि गंजलेली पिन. लॅमिनेशन केलेली सभासद पुस्तिका बघितली की मला अक्षरशः वाईट वाटतं. करणाऱ्यानं ती प्रेमानंच केलेली असते, पण आता तो कागद त्या प्लास्टिकमधून सुटणार नाही. स्टेपलच्या पिना पाठीमागून बोथट पात्यानं उघडा आणि पानांचा क्रम जसाच्या तसा ठेवा. वर्तमानपत्रांची कात्रणं इतर कागदांना चिकटून ठेवू नका, त्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर उतरतं आणि तिथे तपकिरी छाप पडते. भिंतीवर लावायची तर प्रत लावा, मूळ कागद अंधारात राहू दे.

बॅनरचं काम सगळ्यात नाजूक. ब्रिटिश संघटनांचे रंगवलेले रेशमी बॅनर जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांतले कित्येक लंडनच्या जॉर्ज टटिल यांच्या, 1837 मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात बनले. असा बॅनर घडी करून ठेवला तर घडीवर रंग तडकतो आणि पुढे रेशीमही तिथेच चिरतं. रुंद नळीवर मांजरपाट गुंडाळा (आधी धुऊन त्यातली खळ काढलेलं), त्यावर रंगाची बाजू बाहेर ठेवून बॅनर सैल गुंडाळा आणि वरून पुन्हा मांजरपाट. उचलायला दोघं लागतात. शिवणकाम, डागडुजी घरी करू नका. मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये या बॅनरसाठी स्वतंत्र कार्यशाळा आहे, त्यावरूनच हे काम किती कसबाचं ते कळावं.

आणि बॅनरला काळी पट्टी बांधलेली असेल तर ती धूळ म्हणून, जीर्ण म्हणून काढून टाकू नका. इंग्लंडमध्ये डरहॅमच्या खाणकामगारांचा मेळावा 1871 पासून भरतो. ज्या खाणीत त्या वर्षी कोणी दगावलं असेल, तिचा बॅनर काळं क्रेपचं कापड गुंडाळून मिरवणुकीत यायचा. ती पट्टी एका माणसाची आहे.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात: बिल्ले आणि तिकिटं 600 डीपीआयवर, फाइलला वहीतलाच क्रमांक, आणि एक प्रत घराबाहेर.

चौथी पायरी: खरं की नकली

संघटनेचा इतिहास पाठ असणं हीच सगळ्यात भक्कम कसोटी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मुंबई गिरणी कामगार संघटनेचं उदाहरण घ्या. गिरण्यांना रविवारची सुट्टी 10 जून 1890 पासून मिळाली, ती त्यांच्या झगड्यामुळे. पण त्या संघटनेकडे सभासदांची नोंदवही नाही, निधी नाही, नियमावली नाही, असं त्या काळच्या सरकारी अहवालातच नमूद आहे. तिच्या नावाचं छापील सभासद कार्ड कोणी विकायला आणलं तर किंमत विचारण्याआधी शंका विचारा. बिल्ल्यांच्या बाबतीत झीज बघा: रोज वापरलेला बिल्ला उंच भागांवर झिजतो, खोलगट भागात मळ धरतो. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो मुद्दाम आणलेला असण्याची शक्यता जास्त.

पाचवी पायरी: नावं जपून, वस्तू योग्य हाती

जुन्या सभासद याद्या इंटरनेटवर टाकण्याआधी थांबा. अमेरिकेत एके काळी बऱ्याच ठिकाणी ‘युनियनमध्ये जाणार नाही’ असं लिहून दिल्याशिवाय काम मिळत नसे. असे करार न्यायालयात चालणार नाहीत, हे 1932 च्या कायद्यानं ठरवलं. हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर ब्रिटनमधला 2009 चा छापा आठवा: बांधकाम कामगारांची एक गुप्त काळी यादी (कोणाला कामावर घ्यायचं नाही याची) उघड झाली, तिच्यात 3,213 नावं होती. ज्या यादीतली माणसं हयात असू शकतात, तिची नावं झाकून मगच प्रत दाखवा.

संग्रह सांभाळणं पुढे झेपणार नसेल तर तो फुटकळ विकण्यापेक्षा अभिलेखागाराला द्या. डेट्रॉइटचं वॉल्टर रॉयथर ग्रंथालय, वॉरिक विद्यापीठाचं मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटर, अ‍ॅमस्टरडॅमची 1935 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्था आणि आपल्याकडे नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेतलं भारतीय श्रमिकांचं अभिलेखागार, ही सगळी याच कामासाठी आहेत. देण्याआधी यादी पाठवा, त्यांना काय हवंय ते विचारा, आणि वस्तू कायमची दिली की सांभाळायला दिली, तिचे फोटो कोण वापरू शकेल, हे लेखी घ्या. सोबत वहीची प्रत द्यायला विसरू नका. त्या लाल पुस्तिकेचं पान माझ्या वहीत अजून अपुरं आहे: ‘एप्रिल ते जून, कारण?’ एवढंच लिहिलंय, आणि खाली तीन ओळी मोकळ्या सोडल्यात.