सामायिक दुर्बिणीची वेळ वाटताना या चुका टाळा

आधी पैसे कशाचे लावता ते बघा. बरेच गट फक्त एक्स्पोजरची, म्हणजे कॅमेरा प्रकाश टिपत असतो तेवढीच, मिनिटं मोजतात. समजा, एकाने 300 सेकंदांच्या 12 फ्रेम (छायाचित्रं) घेतल्या आणि दुसऱ्याने 10 सेकंदांच्या 360. बिल दोघांचंही एका तासाचं. पण फ्रेम कॅमेऱ्यातून संगणकावर उतरायला प्रत्येकी 5 सेकंद धरले, तर पहिल्याचं एक मिनिट जादा जातं, दुसऱ्याचा अर्धा तास. हा अर्धा तास कुणाच्याच खात्यावर पडत नाही, पुढच्याचा स्लॉट मात्र कापला जातो. म्हणून दुर्बीण लक्ष्याकडे वळायला लागली की घड्याळ सुरू करा, शेवटची फ्रेम उतरली की थांबवा. फोकस, गाइडिंग (दुर्बीण ताऱ्यामागे अचूक फिरवत ठेवणं) स्थिरावणं, सगळं त्यात आलं. यंत्र अडकून गेलेला वेळ तेवढा वजा करा.

दुसरी चूक आमच्याच गटाची. रात्री 10 ते 12 हा स्लॉट आम्ही एका सदस्याला कायमचा देऊन टाकला. तारे रोज सुमारे 4 मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला 2 तास. मृगातला तेजोमेघ जानेवारीच्या मध्यावर रात्री 10च्या सुमारास याम्योत्तरावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच असतो. एप्रिलच्या मध्यावर त्याच वेळी तो मावळतीला टेकतो. त्या सदस्याने पैसे नियमित भरले आणि शेवटी हाती आल्या फुगलेल्या, लालसर ताऱ्यांच्या फ्रेम. मला अजून त्याचं वाईट वाटतं. आता आम्ही लक्ष्य क्षितिजापासून 30 अंशांच्या वर असेल तेव्हाच स्लॉट देतो. त्याखाली प्रकाशाला डोक्यावरच्या दुपटीहून जास्त वातावरण ओलांडावं लागतं.

चांदण्या रात्रींना सवलत द्या, पण तारीख बघून नको. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, पुढचे तास काळेभोर असतात. चंद्र क्षितिजाच्या वर असेल तेवढ्याच वेळेचा दर कमी ठेवा. हायड्रोजन-अल्फा फिल्टर (फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश आत सोडणारा) वापरणारे ती वेळ आनंदाने घेतात. अंधुक दीर्घिकांवाल्यांना ती फुकट दिली तरी उपयोगाची नसते.

‘जो आधी येईल त्याला’ हा नियमही तपासा. एचडी 209458 बी या दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचं अधिक्रमण, म्हणजे त्याचं आपल्या ताऱ्यासमोरून जाणं, साधारण 3 तास चालतं आणि दर साडेतीन दिवसांनी होतं. त्यातली बरीच दिवसा किंवा ग्रह क्षितिजाखाली असताना होतात. तेजोमेघ उद्याही तिथेच असतो. अशा वेळी तेजोमेघवाल्याने जागा द्यावी आणि त्याला तितकाच काळोखाचा वेळ परत मिळावा.

ढगांचा वाद फ्रेमवरून सोडवा: ताऱ्यांची संख्या स्वच्छ फ्रेमच्या अमुक टक्क्यांखाली गेली की वेळ परत. तो आकडा हंगाम सुरू होण्याआधीच ठरवा, ढग आल्यावर नाही.

बुकिंग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवा. रात्रीला संध्याकाळची तारीख द्या, नाहीतर ‘12 तारखेला पहाटे 1’ म्हणजे नेमकी कुठली रात्र, यावरून दोघे एकाच वेळी लॉगिन करतात.