टायमर चालू, तरी बोन्साय कोरडं: आपोआप पाणी देताना या चुका टाळा

नऊ दिवसांनी परतलो तेव्हा टायमर ठरल्या वेळी सुरू होत होता, ड्रिपरमधून थेंब पडत होते, टाकीतही पाणी होतं. तरी माझ्या चिनी एल्मच्या एका बाजूच्या फांद्यांची पानं चुरा होईल इतकी वाळली होती. झाड कुंडीतून अलगद बाहेर काढलं तेव्हा उलगडा झाला. ड्रिपरच्या बरोबर खाली दोन बोटं रुंदीचा ओला पट्टा सरळ तळाच्या भोकापर्यंत गेला होता आणि उरलेली माती खडखडीत होती. नऊ दिवस पाणी रोज आलं आणि रोज त्याच वाटेनं निघून गेलं.

तेव्हापासून कुणी बोन्सायला ठिबक बसवायचं म्हटलं की मी आधी एकच गोष्ट सांगतो. नळीतून पाणी येणं वेगळं आणि मुळांभोवतीची माती भिजणं वेगळं. बहुतेक चुका या दोन गोष्टींमधल्या चार इंचांत होतात, आणि आपण मात्र सगळा वेळ टायमर निवडण्यात घालवतो.

एका कुंडीला एक ड्रिपर

सर्वांत जास्त झाडं या चुकीनं जातात, म्हणून इथे जरा थांबू.

बारीक मातीत पडलेला थेंब आडवा पसरतो, कारण बारीक कणांमधली फट पाण्याला बाजूला ओढून घेते. शेतात एका ड्रिपरभोवती पसरट ओला गोल दिसतो तो यामुळेच. बोन्सायचं मिश्रण याच्या नेमकं उलट असतं. अकादामा (जपानी दाणेदार माती), प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), लाव्हा खडी किंवा विटांचे तुकडे, काहीही वापरा, कण दोन ते सहा मिलिमीटरचे असतात. अशा जाड कणांत पाणी आडवं जवळजवळ सरकत नाही, सरळ खाली उतरतं. म्हणजे कुंडी ३० सेंटिमीटर लांब आणि भिजणारा भाग जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. त्या पट्ट्यातली मुळं जगतात, बाकीची हळूहळू मरतात.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे छोट्या काडीवर बसणारा मायक्रो स्प्रे, जो मातीच्या सगळ्या पृष्ठभागावर बारीक शिंतोडा टाकतो. मला हाच जास्त आवडतो. फक्त तो पानांच्या खाली आणि मातीच्या जवळ बसवा. वरून फवारलं तर दाट पानोरा छत्रीसारखं काम करतो आणि पाणी कुंडीच्या बाहेर गळतं. (पावसाचंही असंच होतं. चांगली सर येऊन गेल्यावरसुद्धा दाट जुनिपरखालची माती कोरडी सापडते.) दुसरा उपाय म्हणजे ठरावीक अंतरावर भोकं असलेली बारीक ठिबक नळी खोडाभोवती गोल फिरवणं. मोठ्या कुंडीत दोन वेढे द्या. साधे ड्रिपरच वापरायचे असतील तर लहान कुंडीला दोन, मध्यम कुंडीला चार, आणि तेही काठाकडे. पाणी शोषणारी कोवळी मुळं खोडाला चिकटून कमी आणि बाहेरच्या बाजूला जास्त असतात.

आणखी एक युक्ती आहे, तिला काहीच खर्च नाही. पाणी एकदम सहा मिनिटं देऊ नका. दोन मिनिटं द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा चार मिनिटं द्या. पूर्ण कोरडे कण पाणी झिडकारतात. पहिल्या फेरीत ते ओलसर होतात आणि दुसऱ्या फेरीचं पाणी धरून ठेवतात. हातानं पाणी घालणारी अनुभवी माणसंही झारी दोनदा फिरवतात, ती याचसाठी. टायमर घेताना दिवसातून तीन-चार वेळा वेगवेगळ्या वेळी सुरू करता येतो की नाही, एवढं नक्की पाहा.

उथळ कुंडी लवकर वाळते, म्हणून सतत पाणी

हे अर्धंच खरं आहे. उथळ कुंडीत माती थोडी, म्हणून ती लवकर वाळते. पण त्याच कुंडीत मुळं गुदमरण्याचा धोकाही जास्त असतो, आणि हे पटायला जड जातं.

एक स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थेंब थांबतील. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही असंच असतं. निचरा झाल्यावरही तळाशी पाण्यानं गच्च भरलेला एक थर राहतो. त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. बारीक मातीत तो थर चार-पाच सेंटिमीटरचा असेल, तर वीस सेंटिमीटर खोल कुंडीत वरची मुळं मोकळी राहतात. पाच सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये मात्र सगळंच झाड पाण्यात उभं असतं.

म्हणून बागेतल्या साध्या मातीत लावलेल्या बोन्सायला टायमर जोडू नका. आधी मिश्रण बदला, बारीक चाळणीनं धूळ काढून टाका, आणि झाड त्यात रुजल्यावर मग नळी आणा. जाड, मोकळ्या मिश्रणात जास्त झालेलं पाणी भोकातून निघून जातं, त्यामुळे टायमरची चूक झाड सहन करतं. बारीक मातीत ती चूक दर दिवशी साचत जाते.

तळाखाली बशी ठेवली असेल तर ती काढा किंवा तिच्यात खडी भरून कुंडी पाण्याच्या वर राहील असं करा.

सगळ्या झाडांना एकच वेळ

जुनिपर, फायकस, जेड आणि बाल्ड सायप्रस एका नळीवर एकाच वेळी भिजत असतील तर त्यांतलं एक तरी झाड दुःखी असणारच. बाल्ड सायप्रसला ओल प्रिय आहे, जेडला दोन पाण्यांमध्ये कोरडेपणा लागतो. नुकतंच रिपॉटिंग झालेलं झाड, ज्याची मुळं छाटली आहेत, ते शेजारच्या त्याच जातीच्या झाडापेक्षा कितीतरी कमी पाणी पितं.

दोन तोंडांचा टायमर घेऊन तहानलेली झाडं एका ओळीवर आणि बाकीची दुसऱ्या ओळीवर लावा. जेड, अडेनियमसारखी पाणी साठवणारी झाडं ठिबकवरून काढूनच टाका, ती तुमच्या गैरहजेरीत आठवडाभर सहज राहतात. हा माझा ठाम सल्ला आहे.

ओळी वेगळ्या करणं जमत नसेल तर ड्रिपरच्या आकड्यानं फरक करा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर मिनिटाला साधारण ६७ मिलिलिटर देतो, ताशी २ लिटरचा त्याच्या निम्मं. तीन मिनिटांत पहिल्यातून २०० मिलिलिटर आणि दुसऱ्यातून १०० मिलिलिटर पाणी पडेल. फिरकी पिळून धार कमी-जास्त करायचे ड्रिपर सोयीचे वाटतात, पण एकाची फिरकी पिळली की बाकीच्यांची धार बदलते आणि महिन्याभरात सगळा हिशोब विस्कटतो. मोजमाप छापून आलेलेच घ्या.

प्रेशरचा विचार न करणं

दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून साधारण १ बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) प्रेशर मिळतं. म्हणजे टाकी झाडांपेक्षा तीन मीटर वर असेल तर मिळणार ०.३ बार. एकसारखी धार देणाऱ्या चांगल्या ड्रिपरना अर्धा ते एक बार लागतो. शिवाय पडदा असलेल्या सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकानं उघडणाऱ्या वॉल्व्हचे) बरेच टायमर इतक्या कमी प्रेशरवर नीट उघडत किंवा मिटत नाहीत. दिवा लागतो, टक आवाज येतो आणि पाणी येत नाही, किंवा पाणी बंदच होत नाही. टाकीचं पाणी असेल तर बॉल वॉल्व्हचा (भोक असलेला गोळा फिरवून पाणी सोडणारा), शून्य प्रेशरवर चालणारा टायमर घ्या आणि ड्रिपर साधे वापरा.

याउलट पंपाचं किंवा मुख्य लाइनचं प्रेशर जास्त असेल तर नळ्या जोडातून निसटतात, आणि त्या नेमक्या कुणी घरात नसताना निसटतात. तिथे प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर लावायलाच हवा. त्याच्या आधी फिल्टर, आणि नळापाशी उलट पाणी न जाऊ देणारा वॉल्व्ह. फिल्टर नसेल तर गाळ पहिल्यांदा शेवटच्या ड्रिपरमध्ये अडकतो.

खालच्या फळीवरची कुंडी कायम ओली

मांडणीवर तीन फळ्या आहेत, ड्रिपर सगळीकडे सारखे, तरी सर्वांत खालचं झाड पिवळं पडतंय. हे पाहिलं की अनेक जण त्या झाडाला रोग झाला असं समजून औषध फवारतात. खरं कारण असं की टायमर बंद झाल्यावर नळीत उरलेलं पाणी उताराला लागतं आणि सर्वांत खालच्या ड्रिपरमधून गळत राहतं. १६ मिलिमीटरच्या नळीत मीटरमागे साधारण १४० मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे दहा मीटरच्या नळीत जवळजवळ दीड लिटर. त्यातलं बरंचसं प्रत्येक फेरीनंतर त्या एका कुंडीत जातं. प्रेशर पडताच आपोआप मिटणारे, गळती थांबवणारे ड्रिपर मिळतात, ते बसवा. किंवा मुख्य नळी खालच्या फळीवरून नेण्याऐवजी वरून आडवी न्या आणि प्रत्येक कुंडीला बारीक नळी खाली सोडा.

बादली आणि बुडता पंप वापरणाऱ्यांना याचाच मोठा भाऊ भेटतो: सायफन. पंप थांबला तरी नळीचं तोंड बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर पाणी वाहतच राहतं, बादली रिकामी होते आणि पुढच्या वेळी पंप कोरडा चालून जळतो. कुंड्या बादलीपेक्षा उंच ठेवा. ते शक्य नसेल तर बादलीच्या आत, पाण्याच्या पातळीच्या वर, नळीला सुईनं बारीक भोक पाडा. पंप थांबताच त्यातून हवा आत जाते आणि सायफन तुटतो.

वात आणि ओलाव्याचा सेन्सर

दोन्ही गोष्टी घरातल्या मऊ मातीच्या कुंड्यांना ठीक. बोन्सायच्या जाड मिश्रणात वातीनं (एक टोक पाण्यात आणि दुसरं मातीत असलेल्या दोरीनं) आणलेलं पाणी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा वर चढत नाही. सेन्सरच्या पट्टीला कणांमधल्या पोकळीत मातीचा पुरता स्पर्श होत नाही, म्हणून माती ओली असूनही तो ‘कोरडं’ सांगतो. त्यापेक्षा बांबूची चपटी काडी मातीत तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा. ती कुठपर्यंत काळपट झाली आहे ते पाहिलं की ओल कुठे आहे ते कळतं. काडी कुंडीच्या चारही कोपऱ्यांत खोचा, ड्रिपरजवळच नव्हे.

छोट्या, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

पारदर्शक नळी नको, उजेडानं आत शेवाळ धरतं. काळी घ्या, पण ती उन्हात पडू देऊ नका. दुपारी तिच्यात अडकलेलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि पुढच्या फेरीत तेच आधी मुळांवर पडतं. पाणी पहाटे द्या. कडक उन्हात दुसरी फेरी लागत असेल तर नळी सावलीतून न्या.

खताची वडी स्प्रेच्या धारेखाली ठेवली तर विरघळून तिचा चिखल होतो आणि पृष्ठभाग बंद होतो. खत नळीतून देऊच नका.

बॅटरीवरच्या बऱ्याच टायमरांत बॅटरी मधेच संपली तर वॉल्व्ह त्या क्षणी जसा असेल तसाच राहतो, उघडा असेल तर उघडा. प्रवासाआधी नव्या बॅटऱ्या घाला, जुन्या कितीही चांगल्या दिसल्या तरी.

मोजून-मापून दिलेलं पाणी भोकातून बाहेर पडलंच नाही तर पाण्यातले क्षार मातीत साठतात. काठावर पांढरा थर, पानांची टोकं तपकिरी, ही त्याची खूण. दर आठ-पंधरा दिवसांनी प्रत्येक कुंडीला हातानं, भोकातून भरपूर वाहीपर्यंत पाणी द्या. पांढरे झालेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवले की बहुधा मोकळे होतात.

पान मलूल दिसलं की मिनिटं वाढवणं

कोरडं पडलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड, दोन्ही वरून सारखीच मलूल दिसतात, कारण दोन्हींत पानांपर्यंत पाणी पोचत नाही. आधी काडी खोचा. माती ओली, पानं पिवळी आणि भोकापाशी कुबट वास असेल तर पाणी कमी करायचं असतं. माती कोरडी आणि पानांच्या कडा कुरकुरीत असतील तर कुंडी काठापर्यंतच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा, आणि मगच ड्रिपरची जागा तपासा.

जुनिपरच्या बाबतीत रंगावर विसंबू नका. मुळं मेल्यावरही तो कित्येक आठवडे हिरवा राहतो, आणि फिकट दिसायला लागतो तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आदल्या दिवशी बसवणं

जपानमध्ये बोन्साय शिकणाऱ्यांत ‘मिझुयारी सान्नेन’ म्हणतात: नुसतं पाणी घालायला शिकायला तीन वर्षं लागतात. हे काम आपण एका यंत्राकडे सोपवतोय, तर त्याला निदान दहा दिवस आपल्या डोळ्यांसमोर चालू द्या. पहिल्या दिवशी प्रत्येक ड्रिपरखाली एकेक पेला ठेवून एक फेरी चालवा आणि पाणी मोजा. शेवटचा पेला पहिल्याच्या निम्मा भरला असेल तर नळी फार लांब आहे किंवा प्रेशर कमी पडतंय. पुढचे दिवस रोज संध्याकाळी कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या. हाताला दोन-तीन दिवसांत सवय होते. मिनिटं बदलायची ती याच दिवसांत, आणि एका वेळी एकाच ओळीची.

आणि कुलूप लावण्याआधी एका माणसाला तीन-चार दिवसांनी डोकवायला सांगा. त्यांना झाडांची माहिती असायची गरज नाही. ‘प्रत्येक कुंडीखाली ओलं दिसतंय का आणि कुठे नळी सुटली आहे का, तेवढं बघा. नसेल ओलं, तर झारीनं दोनदा पाणी घाला.’ एवढं एका कागदावर लिहून झारीला बांधून ठेवा.