ले-आउटच्या रस्त्यात आलेली चिंच अशी वाचवली

आमची ५० गुंठे जमीन नगरपालिका हद्दीत, तिघा भावंडांत प्लॉट पाडायचे ठरले. पहिल्या नकाशात आजोबांनी लावलेली चिंच बरोबर ९ मीटर रस्त्याच्या मधोमध आली, कारण मोजणी करताना झाडं नकाशावर घेतलीच नव्हती. दादा म्हणाला परवानगी काढून तोडू. मी १९७५ चा झाडांचा कायदा वाचला, त्यात २०२१ ला बदल झालाय, ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात आणि तोडलंच तर झाडाचं वय जेवढं तेवढी रोपं लावून जगवायची, म्हणजे आमची सत्तरएक तरी झाली असती.

मग मीच टेप घेऊन गेले, बुंध्याचा घेर, फांद्या कुठवर जातात ते मोजलं, टोकाखाली चुन्याचा गोल मारला आणि फोटोसकट आर्किटेक्टला दिलं. ४००० चौरस मीटरच्या वर जमीन असेल तर १० टक्के ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळी जागा, सोडावीच लागते, आमची पाच गुंठे, ती कोपऱ्यातून उचलून चिंचेभोवती घेतली आणि रस्ता वळवला. प्लॉट तेवढेच राहिले. गटाराची चारी पण गोलाबाहेरून काढायला लावली, जास्त मुळं तुटली की झाड काही वर्षांनी वाळू शकतं. तुमच्याकडे झाडं असतील तर मोजणीच्या दिवशीच नकाशावर घ्यायला लावा.