पहिल्या घंटेआधी, शेवटच्या घंटेनंतर : सर्व मुलांना जागा मिळावी म्हणून करायची पूर्वतयारी

कॅलिफोर्नियातील बहुतेक शाळा ऑगस्टमध्ये उघडतात, पण शाळेआधीच्या आणि शाळेनंतरच्या वर्गांची तयारी फेब्रुवारीतच हाती घ्यावी, कारण कोणत्या मुलाला जागा मिळणार आणि कोणते मूल प्रतीक्षा यादीत राहणार, हे उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच ठरून गेलेले असते. स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका भागातील सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेत) हे काम पाहणाऱ्या किंवा शाळेच्या पालक समितीवर बसणाऱ्या मराठी मंडळींच्या हाताशी असावी, म्हणून ही यादी लिहिली आहे.

सर्वप्रथम पैसा कोणत्या योजनेतून येतो आणि त्याच्या अटी काय आहेत, हे मुळातून वाचून घ्यावे. २००२ साली राज्याच्या मतदारांनी प्रपोझिशन ४९ हा मतदानाला ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव मंजूर केला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या शाळेनंतरच्या वर्गांना शाळा सुटताच सुरू होण्याची आणि संध्याकाळी किमान ६ वाजेपर्यंत चालण्याची अट आहे. २०२१ साली आलेल्या विस्तारित शिक्षणाच्या योजनेत ट्रान्झिशनल किंडरगार्टनपासून (म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गापासून) सहावीपर्यंतच्या मुलांसाठी शाळेचे तास धरून दिवसाला ९ तासांची, आणि शिवाय सुट्टीतल्या ३० दिवसांची सोय करायची असते. कमी उत्पन्नाच्या घरातील, इंग्रजी शिकत असलेली आणि फॉस्टर केअरमधील (म्हणजे आईवडिलांपासून दूर, सरकारच्या देखरेखीखाली वाढणारी) मुले या योजनेच्या केंद्रस्थानी आहेत. उत्पन्नाच्या निकषावर मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र असलेल्या, बेघर आणि फॉस्टर केअरमधील मुलांकडून शुल्क घेता येत नाही, ही ओळ नोंदणीच्या अर्जावर पहिल्याच पानावर ठळक छापावी. ती दुसऱ्या पानावर गेली की शुल्काचा आकडा वाचूनच अर्ज बाजूला ठेवणारे पालक आपल्यापर्यंत कधी पोहोचत नाहीत.

नोंदणीची पद्धत हा या साऱ्या तयारीचा गाभा आहे, आणि माझ्या मते अन्याय होतो तो बहुधा इथेच. “प्रथम येईल त्यास प्रथम प्राधान्य” हा नियम ऐकायला निःपक्षपाती वाटतो. मी पाहिलेल्या एका डिस्ट्रिक्टमध्ये अर्ज सकाळी ७ वाजता ऑनलाइन उघडला आणि पाऊण तासात सगळ्या जागा भरल्या. त्या वेळी घरी लॅपटॉपसमोर बसू शकणाऱ्या पालकांची मुले यादीत आली, आणि स्ट्रॉबेरीच्या शेतात पहाटेपासून वाकून काम करणाऱ्या आईने दुपारच्या सुट्टीत फोनवर अर्ज उघडला तेव्हा तिला दोनशेच्या पुढचा प्रतीक्षा क्रमांक मिळाला. पहिल्या पाऊण तासात अर्ज भरणाऱ्यांत आपली मराठी कुटुंबेही होती, हे मी मोकळेपणाने सांगतो. त्यांची गरज खरी होती, पण त्या आईची गरज तिच्या घड्याळामुळे मागे पडली. म्हणून अर्ज किमान तीन आठवडे खुला ठेवावा, कागदी अर्जही तितकाच ग्राह्य धरावा, निकड असलेल्या मुलांना आधी जागा द्याव्यात आणि उरलेल्या जागांसाठी सोडत काढावी. सोडतीचे नियम अर्ज उघडण्यापूर्वीच जाहीर करावेत.

अर्जातील प्रश्नही नीट तपासावेत. नागरिकत्वाबद्दल काहीही विचारू नये. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालाने कागदपत्रे नसलेल्या मुलांचाही सरकारी शाळेवरचा हक्क मान्य झालेला आहे, आणि एका अनावश्यक प्रश्नामुळे घाबरलेले कुटुंब पुन्हा फिरकत नाही. “तुम्ही बेघर आहात का?” असे विचारले तर नातेवाइकांच्या घरी एका खोलीत पाचजण राहणारे कुटुंब “नाही” असेच लिहील, वास्तविक आर्थिक अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरात राहावे लागणारी मुले बेघर मुलांसाठीच्या १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याच्या संरक्षणात येतात. त्याऐवजी “मूल सध्या रात्री कुठे झोपते?” असा साधा प्रश्न ठेवावा.

भाषेची तयारी म्हणजे केवळ भाषांतर करून घेणे नव्हे. ज्या शाळेत १५ टक्के किंवा अधिक मुलांची घरची भाषा इंग्रजीखेरीज एखादी एकच भाषा असेल, तिथे पालकांना पाठवायच्या सूचना त्या भाषेतही देणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. पण सॅलिनासच्या खोऱ्यातील अनेक कुटुंबे मिश्तेको किंवा त्रिकी या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषा बोलतात, आणि त्या भाषा वाचण्याची सवय फारच थोड्यांना असते. तिथे स्पॅनिशमधला छापील कागद अपुरा पडतो; त्या भाषेतला ध्वनिमुद्रित निरोप फोनवर पाठवावा आणि परत फोन आल्यास बोलणारे माणूस नेमून ठेवावे.

अपंग मुलांची सोय आरंभीच अंदाजपत्रकात धरावी. अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई करणारे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ शाळेच्या वर्गापुरते मर्यादित नाही, तरी मदतनीसाची नेमणूक बहुधा शेवटच्या घंटेपर्यंतचीच असते. एका शाळेत व्हीलचेअरवरची एक मुलगी शाळेनंतरचा वर्ग सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या दाराशी थांबलेली मी पाहिली आहे, दप्तर मांडीवर आणि डोळे खेळाच्या मैदानाकडे; तिची मदतनीस अडीचला घरी गेली होती आणि तिच्याशिवाय मुलीला आत घेण्याची जबाबदारी कोणी उचलत नव्हते. मदतनीसाचे तास ६ वाजेपर्यंत वाढवण्याचा निर्णय मार्चमध्ये घेतला तरच ऑगस्टमध्ये माणूस मिळते.

कर्मचाऱ्यांबाबत प्रमाण स्पष्ट आहे : २० मुलांमागे एक, आणि ट्रान्झिशनल किंडरगार्टन व किंडरगार्टनसाठी १० मुलांमागे एक. बोटांचे ठसे देऊन होणारी पार्श्वभूमीची तपासणी आणि क्षयरोगाची तपासणी यांना वेळ लागतो, म्हणून भरती मेमध्येच संपवावी. सकाळचे दोन तास आणि दुपारचे चार तास अशा तुटक नोकऱ्यांवर चांगली माणसे टिकत नाहीत. मधल्या वेळेत त्यांना वर्गसाहाय्यकाचे काम देऊन पूर्ण वेळेची, विम्यासह नोकरी करता येते का, हे अवश्य पाहावे. मुलांना दर दोन महिन्यांनी नवा चेहरा दिसू नये, यासाठी हा खटाटोप आवश्यक आहे.

सकाळच्या वर्गाकडे सहसा दुर्लक्ष होते. २०२२ च्या जुलैपासून बहुतेक मिडल स्कूल (आठवीपर्यंतच्या मधल्या शाळा) सकाळी ८ पूर्वी भरवता येत नाहीत, आणि सहावीची अनेक मुले याच शाळांत असतात. पहाटे ५ ची पाळी असलेल्या पालकाच्या मुलासाठी साडेसहाला दार उघडेल आणि नाश्ताही मिळेल, अशी व्यवस्था असावी. नाश्ता व दुपारचे जेवण राज्यात २०२२–२३ पासून सर्वांना मोफत आहे. संध्याकाळच्या जेवणासाठी मात्र केंद्राच्या योजनेत वेगळा अर्ज करावा लागतो.

बसचा मार्ग आखताना नोव्हेंबरचा विचार करावा. घड्याळे तासभर मागे गेल्यावर ५ च्या सुमारास अंधार पडतो, आणि ज्यांच्या घरी गाडी नाही ती मुले त्याच आठवड्यापासून गळू लागतात. शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी ६ वाजता बसमध्ये स्वतः बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जावे, तिथून सर्वांत दूरच्या घरापर्यंत चालत जावे, आणि वाटेत दिवे कुठे नाहीत ते लिहून आणावे. पहिल्या पंधरवड्यात जागा मिळूनही न आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी, त्या घरच्या भाषेत, फोन करण्यासाठी एका व्यक्तीचे नाव आत्ताच यादीत लिहून ठेवावे.